नातीचा पासपोर्ट परत दिला

माझा मुलगा स्वयंपाकी आहे. विलायतेच्या ताब्यातल्या एका लांबच्या बेटावर हॉटेलात काम करतो. लग्नही तिथेच केलं. सून त्याच बेटावर जन्मली. तिचा बाप तिथलाच, आई बाहेरून कामाला आलेली. त्या बापाने लग्न केलं नाही, म्हणून त्याचा हक्क पोरीला मिळाला नाही. सून जन्मगावीच परवान्यावर राहायची.

मग विलायतेने कायदा बदलला. सुनेला नागरिकत्व मिळालं आणि तिच्यामुळे माझ्या नातीलाही मिळणार होतं. नातीकडे तोवर आपला पासपोर्ट होता. आपल्याकडे दोन देश चालत नाहीत. आपला परत द्यायचा.

काय करू ते विचारायला मुलाने आम्हाला रोह्याला फोन केला. आमचे हे कंपनीतून रिटायर झालेले. म्हणाले, "दोन्ही ठेव. कंपनीचा गेटपास मिळाला म्हणून रेशनकार्ड कोण परत करतो?"

"नाय चालत, बाबा. गुन्हा हाय."

"मग तिकडचा नको. पोरगी आपली हाय."

मी फोन घेतला. "तिकडचा नाय घेतला तर उद्या पोरीला बेट सोडायला लावतील?"

"लावतील, आये."

"मग आपला देऊन टाक."

यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आमच्यात घरचा पाट हमरापूरला मूर्तीच्या कारखान्यात देऊन येतात आणि त्याच पाटावरून गणपती घरी आणतात. तो घरच्याच माणसाने उचलायचा. यांचे गुडघे गेल्यापासून नात सुट्टीला आली की तीच उचलायची. "केली पोर परकी," हे भिंतीला सांगायचे. "आता पाट उचला म्हणावं कायद्याला."

गणपतीला नात आली, व्हिसावर. परदेशी माणूस घरी उतरलं की पोलिसांना कळवावं लागतं. तो फॉर्म ती मोबाइलवर भरत होती.

"आजोबा, कोणाकडे उतरले ते विचारतात."

मी म्हटलं, "माझं नाव घाल."

"तू गप," हे मला म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. मग तिला म्हणाले, "माझं घाल. घर माझं हाय."

दुसऱ्या दिवशी हमरापूरला गेलो. कारखान्याचा गडी मूर्ती टेम्पोत ठेवायला पुढे झाला. यांनी त्याला काठीने अडवलं.

"थांब. घरचं माणूस आलंय."

नात पुढे झाली.

"धर गो. आणि खाली बघून चाल, चिखल हाय."