खिडकीपाशी धरलेली नळी

"आधी बघा, मग माझ्याशी भांडा," म्हणत डॉक्टरबाई रक्ताची काचनळी खिडकीपाशी उजेडात धरायच्या. धामणकर नाक्यावरच्या त्यांच्या लॅबमध्ये मी काउंटरला होतो. रिपोर्ट हातात देऊन पेशंटला वाटेला लावणं त्यांना कधी जमलंच नाही. मायक्रोस्कोपपुढे दोन स्टुलं असायची, एक त्यांचं, एक पेशंटचं. तुम्ही पाहिलीय अशी लॅब? मी तरी दुसरी पाहिली नाही.

दापोड्याचे एक दादा होते. शेतजमिनीवर गोदामं उठून पैसा आलेला, गळ्यात जाडजूड चेन, आणि जिना चढला की छातीत दुखायचं. त्यांना उपाशीपोटी बोलावलं, तर ते कुणाच्या तरी लग्नातल्या हळदीचं जेवून आले.

"काही खाल्लं नाहीत ना?"

"न्हाय बाय. भाताला हात न्हाय लावला. निस्तं मटन खाल्लं."

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा या म्हणाल्या. तेव्हा दादा खरोखर उपाशी होते. तरी नळीत लाल पेशी तळाला बसल्या आणि वरचं पाणी दुधासारखं पांढरं निघालं.

"ही चरबी," बाई म्हणाल्या. मग दादांना स्टुलावर बसवून त्यांचंच रक्त दाखवलं. "केसाहून बारीक वाटेनं या पेशींना अंग मुडपून जावं लागतं. चरबी वाढली की त्या ताठ होतात, एकमेकींना चिकटतात. मग हृदयाला रक्त पोचायचं कसं?"

दादांचा डोळा भिंगावरून हटेना. "या माज्याच?"

"तुमच्याच. घरी कोण आहे?"

"पोरगी. तिचं लगीन व्हायचं हाय."

"मग तिच्या हळदीला तुम्ही हवेत."

त्यांनी दादांना हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं आणि अधूनमधून तपासणीला बोलावत राहिल्या. एवढी माया लावणारी डॉक्टर आपल्या नाक्यावर आहे, याचा मला फार अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर बाई अचानक वारल्या. लॅब दुसऱ्या डॉक्टरांनी घेतली. नव्या वर्षात दादा आले, अंगानं निम्मे झालेले, हातात लग्नाची पत्रिका. बाई गेल्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांनी रक्त काढायला हात पुढे केला.

नळी तयार झाल्यावर त्यांनी ती माझ्याकडून मागून घेतली आणि खिडकीपाशी धरली. वरचं पाणी पिवळसर, नितळ होतं.

"बायला दावाची व्हती," ते म्हणाले, आणि पत्रिका त्यांनी बाईंच्या स्टुलावर ठेवली.