देवरावभाऊंचा डावा कान

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय — तुमची-माझी रोज गाठ पडत नाही, एवढ्याच धीरावर.

चंद्रपुरातलं आमचं ऑफिस उद्या जळलं तरी काम थांबू नये, म्हणून गडचिरोलीच्या शाखेत सगळ्या सर्व्हरची जुळी प्रत उभी करायची होती. रोजचे बदल लाइनवरून जाणार. पण पहिली अख्खी प्रत त्या मरतुकड्या लाइनवरून कसली जातेय? ती डिस्कवर भरून गाडीनं न्यायची. सीडिंग म्हणतात त्याला. गाडीवर देवरावभाऊ — गोंडपिपरीकडचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. डिस्क त्यांनी स्वतःच्या दुपट्ट्यात गुंडाळली होती. मूल गावाच्या पुढं जंगलात गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा त्यांनी आधी डिस्ककडं पाहिलं, मग माझ्याकडं.

डिस्कला काही झालं नव्हतं. गडचिरोलीत ती नीट लागली — आणि पासवर्ड मागू लागली. मीच टाकलेला. मीच विसरलेला! फोनवर मोठे साहेब आईवरून शिव्या देत होते. माझं डोकं फिरलं. डिस्क उचलली, फरशीवर आपटली, बुटानं तुडवली. मग — मग काय? देवरावभाऊ चहा घेऊन आत आले.

फोन चालूच होता. "तुझ्या गाडीनं फुटली डिस्क!" मी ओरडलो, आणि कानाखाली मारली. पुन्हा मारली. ते पडले, तर लाथ घातली. गरम चहा त्यांच्या छातीवर सांडला होता. राग होता, म्हणू? पहिली थप्पड रागाची असेल. बाकीच्या थपडा फोनवरच्या साहेबांना ऐकू जाव्यात म्हणून होत्या.

त्यांनी हात उचलला नाही. "चुकलं साहेब," म्हणाले, "गड्ड्यात आदळली तवाच मले वाटलं होतं." समोरच्या तुकड्यांवर माझ्या बुटाची माती होती — तरी त्यांनी माझंच खरं मानलं.

डाव्या कानानं त्यांना आता ऐकू येत नाही. गाडी काढून घेतली. आमच्याच गेटवर बसतात. नवा ड्रायव्हर आला की स्वतःहून सांगतात, "माह्या हातून साहेबाची डिस्क फुटली होती, बापू. गाडी हळू चालवजो." मी शेजारी उभा राहून मान हलवली आहे. एकदा तर हसलोही आहे.

भित्रा आहे मी, आणि हलकट. रोज सकाळी गेटमधून आत जाताना मी त्यांच्या डाव्या बाजूनं जातो.