कोंबडीखालची बाटली

माझ्या सासूबाईंना सुनेला नावं ठेवलेली चालतात. त्या कामात त्या स्वतःच पुढाकार घेतात. पण विहिरीच्या पाण्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नाहीत. नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून थोडं आत आमचं गाव आहे, आणि घरामागची विहीर त्यांच्या सासऱ्यांनी पाडलेली. भर उन्हाळ्यात गावातले हातपंप नुसती हवा सोडायला लागले की सगळं गाव घागरी घेऊन आमच्या दारात. पाव्हणा आला की त्याच्या हातात तांब्या देऊन आत्याबाई (आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात) त्याच्या तोंडाकडं बघत उभ्या राहतात. "लई गोड पाणी हाय हो" असं तो म्हणेपर्यंत चुलीवर चहाचं आधण चढत नाही. नेहमीचे पाव्हणे तर तांब्या तोंडाला लावायच्या आधीच म्हणून मोकळे होतात.

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचं पोट महिन्यातून एकदा तरी बिघडायचंच. चेहरा एवढासा व्हायचा, डोळे आत जायचे. नळदुर्गचे डॉक्टर प्रत्येक वेळी सांगायचे, पाणी बदला. विहिरीच्या आसपास घरोघरी संडास झाले होते, त्यांचे शोषखड्डे विहिरीला अगदी खेटून होते, हे मला दिसत होतं. मी घरी येऊन डॉक्टरांचा निरोप सांगायची.

"पाणी बदला म्हणं!" आत्याबाई म्हणायच्या. "डाक्टरच बदल."

पालथ्या घड्यावर पाणी. मग मी चिडून भांडी आदळायची, आणि त्या म्हणायच्या, पोरीचं पोट न्हाय, हिचं डोकं बिघडलंय.

अशात एका उन्हाळ्यात सोलापूरहून एका चर्चची माणसं जीप घेऊन गावात आली. आधी बातमी पसरली होती की गोरे साहेब येणार, गिटार वाजवणार. आल्या त्या एक ठेंगण्या, निवृत्त नर्सबाई, आणि त्यांच्याबरोबर टोपी घातलेले एक सर, जे जीप चालवायचे आणि पाइप जोडायचे. मारुतीच्या पारावर सगळे जमले. एका म्हाताऱ्यानं आधी मनातलं विचारून घेतलं, "तुमचं पानी प्यायच्या आधी प्रार्थना म्हनावी लागंल का?"

"नाही हो. फक्त हात धुवावे लागतील," बाई म्हणाल्या.

"मंग अवघड हाय," म्हातारा म्हणाला.

त्यांच्याकडं सगळ्या गावाला पुरेल असा पाणी शुद्ध करायचा मोठा फिल्टर होता, फुकट. पण जिथं पाणी खरंच वाईट तिथंच तो बसवायचा, असं त्यांच्या चर्चचं ठरलेलं. म्हणून बाईंनी आधी घरटी एक छोटी बाटली वाटली. तिच्या तळाशी कसलासा कागद होता. "तुम्ही पिता ते पाणी हिच्यात भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन दिवस उबेला ठेवा. अंगाची ऊब असते ना, तेवढी. पाण्यात घाण असेल तर ते काळं पडेल."

उबेवरून गावात जो गोंधळ उडाला! कुणी बाटली गोधडीत गुंडाळली, कुणी चुलीमागं ठेवली. तो प्रार्थनेवाला म्हातारा तर बाटली बनियनच्या आत घालून झोपला आणि दोन दिवस कुशीवर वळला नाही. आत्याबाईंनी मात्र सगळ्यांवर कडी केली. आमची तांबडी कोंबडी तेव्हा खुडूक होऊन टोपलीत बसली होती. अंगाची ऊब म्हटल्यावर तिच्याइतकी कुणाची? त्यांनी बाटली सरळ तिच्या अंड्यांत सरकवून दिली.

दोन दिवसांनी पुन्हा सगळे पारावर. बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या आणि एकजात सगळ्या काचेसारख्या स्वच्छ! आमचीच तेवढी आली नव्हती. "कोंबडी उठंना, मागनं आणते," असा आत्याबाईंचा निरोप होता.

"देवाची कृपा!" बाईंनी हात जोडले. "इतकं चांगलं पाणी मी कुठंच बघितलं नाही."

"आमच्या सोलापुरातसुद्धा नाही," सर जरा विचारात पडून म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिल्टर हातचा चालला होता आणि गाव टाळ्या वाजवत होतं! शेजारच्या काकूंच्या दंडाला धरून मी विचारलं, "काकू, तुम्ही कुठलं पाणी भरलंत?"

"जारचं," काकू म्हणाल्या. "हायवेवरच्या ढाब्यावरनं मागवलं. पाव्हणी मानसं पानी मागत्यात, त्यास्नी काय हिरीतलं गढूळ द्यावं? वाळा टाकून भरलं म्या."

पलीकडचीनं उकळून, गाळून भरलं होतं. आणखी एकीनं तर चिमूटभर साखरही घातली होती. कोण कुठली माणसं आपल्यासाठी एवढ्या लांबून येतात, त्यांच्या बाटलीत चांगलंच घालायला हवं, या एका विचारानं अख्ख्या गावानं एकमेकांना न सांगता तीच चूक केली होती. मी बाईंकडं निघाले तशी काकूंनी चिमटा काढला. "गप. गावाची अब्रू जाईल."

तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की गावात एक बाई अशी आहे, जी पाव्हण्याला जारचं पाणी जन्मात देणार नाही. मी घराकडं पळत सुटले.

आत्याबाई टोपलीपाशी बसल्या होत्या. हातावर चोचीच्या खुणा, आणि हातात बाटली. शाईसारखी काळी.

"कोंबडीनं कायतरी केलंय ह्यात," त्या म्हणाल्या. झाकण घट्ट होतं. ते त्यांनाही दिसत होतं.

या क्षणाची मी किती वाट बघितली होती! काय बोलायचं ते पाठ होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि पाठ केलेलं सगळं विसरले. तेवढ्यात मुलगी परसातून पोट धरून आली. "आजी, परत दुखतंय."

आत्याबाईंनी तिच्याकडं बघितलं, मग बाटलीकडं. "ह्येच पाजलं व्हय गं म्या पोरीला? माझ्या हातानं?"

मी त्यांच्याजवळ बसले. मला रडू आलं, आणि ते कुणासाठी आलं ते आजही सांगता येणार नाही.

त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि बाटली दिव्यासारखी पुढं धरून चालू लागल्या. आपलं अंडं पळवलं असं वाटून कोंबडी पिसं फुलवून त्यांच्या टाचांवर धावली. मागून मुलीला कडेवर घेऊन मी. अशी आमची वरात पारावर पोचली तेव्हा जीप सुरू झाली होती. आत्याबाई तिच्यापुढं आडव्या उभ्या राहिल्या.

"ही माझ्या हिरीची बाटली. बघा." मग पारावरच्या स्वच्छ बाटल्यांवर नजर टाकून गावाकडं वळल्या. "आन् तुमी समदी ह्याच हिरीचं पिता. तुमच्या बाटल्यांत ते कुठं गेलं?"

काकू पुटपुटल्या, "जारचं होतं वो, आत्या." मग दुसरी बोलली, मग तिसरी. सर हसत हसत जीपच्या पायरीवरच बसले.

"अहो, आम्हाला पाहुणचार नको होता," बाई कळवळून म्हणाल्या, "तुमचं रोजचं पाणी हवं होतं!"

"पाव्हण्यानं पानी मागितल्यावर घान द्यायचं? आसं कुठं आस्तं का?" काकूंनी विचारलं. बाईंनी जीपमधून रिकाम्या बाटल्यांचं खोकं पुन्हा खाली उतरवलं.

दुसऱ्या फेरीत गावानं इमानदारीनं विहिरीचं पाणी भरलं आणि सगळ्या बाटल्या काळ्या पडल्या. मग "आमची बघा, डांबरावानी!" "तुमची कसली, आमची बघा!" अशी चढाओढ लागली. फिल्टर आमच्याच विहिरीपाशी बसला, कारण गावात बारमाही पाणी तिलाच. शोषखड्डे लांब हलवायचं बाईंनी सरपंचांकडून वदवून घेतलं.

फिल्टर सुरू करायच्या दिवशी सरपंच नारळ घेऊन उभे होते, पण आत्याबाईंनी कुणाची वाट बघितली नाही. पहिला तांब्या भरला आणि नातीच्या तोंडाला लावला. ती पिऊन होईपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या. "गोड हाय का?" असं मात्र त्यांनी विचारलं नाही. पुढं कितीतरी दिवस त्या रोज सकाळी विचारायच्या, "पोट दुखत न्हाय न्हवं?" ती "न्हाय" म्हणाली की मगच चूल पेटायची.

पाव्हणे अजून येतात, तांब्या रिकामा करतात आणि सवयीनं पाण्याचं कौतुक करतात. आत्याबाई ते मुकाट ऐकून घेतात.

"आमच्याच हिरीचं हाय," त्या म्हणतात. "नातीसाठी त्याला अंघोळ घालून आणलंय."