पालथं उखळ

हुस्निये वहिनी आमचं जुनं गाव सोडल्यापासून पुन्हा तिकडे फिरकली नव्हती. भूकंपानंतर सरकारने आम्हाला खालच्या सपाटीवर घरं दिली, वरची पडकी घरं काढून टाकली आणि त्यांच्याखालचं प्राचीन ग्रीकांचं नगर उकरून मोकळं केलं. आता परदेशी लोक बस भरून ते पाहायला येतात. वहिनीला कुणी चल म्हटलं की ती म्हणायची, "माझ्याच अंगणात तिकीट काढून जाऊ?"

म्हणून यंदा नगरपालिकेने म्हाताऱ्यांसाठी तिकडे काढलेल्या सहलीला तिने नाव दिलं तेव्हा मला नवल वाटलं.

"भावोजी, ईद झाली की नेजात मला बुर्साला नेणार," ती म्हणाली. नेजात तिचा मुलगा, तिकडे शहरात असतो. "उंच इमारतीत राहतो तो. मग मी कुठली परत येतेय. त्याआधी उखळ आहे का गेलं, तेवढं बघायचंय."

हे उखळ तिच्या दारात होतं. ग्रीकांच्या एका खांबाचा नक्षीदार माथा आमच्या कुणा पणज्याने उलटा पुरून, त्याच्या बुडात खळगा कोरला होता. दगडातली पानं त्यामुळे जमिनीकडे लोंबायची. गावात लग्न कुणाचंही असो, केश्केकचे, म्हणजे मटणाबरोबर शिजवायच्या लापशीचे, गहू आमच्याच अंगणात कांडायचे. दोघं समोरासमोर उभे राहून ढोल-सनईच्या तालावर मोगऱ्या घालायचे. त्यातला एक बहुतेक माझा भाऊ रिफात असायचा. अशाच एका लग्नात हुस्निये पाण्याची घागर घेऊन आली, रिफातने तिच्याकडे पाहिलं आणि मोगरी काठावर बसली. एका पानाचा टवका उडाला. सगळं गाव हसलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट तिच्या वडिलांच्या कानावर गेली होती. पुढच्या वर्षी ती त्याच अंगणात सून म्हणून आली. रिफात गेल्यावर तिने त्याचं नाव फारसं काढलं नाही. उखळाची आठवण मात्र काढायची.

सहलीला मेल्तेम नावाची मुलगी माहिती सांगत होती. "मावशी, इथे नगराची सभा भरायची."

"ऐकलंस का हुस्निये?" आमची जुनी शेजारीण शाझिये म्हणाली. "तुझ्या कोंबड्या अंडी घालायच्या त्या पायऱ्या."

"माझ्या कोंबड्या सभेपेक्षा कमी बोलायच्या," वहिनी म्हणाली. पण तिचं लक्ष नव्हतं. दाराजवळचं तुतीचं झाड ती शोधत होती. झाड नव्हतं. आमचं अंगण कुठे होतं ते मलाही सांगता येईना. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन यायची आणि माझ्याकडे बघायची. मी नाही म्हणून मान हलवायचो.

बसकडे परतायची वेळ झाली. वाटेत गवतात लाकडी ओंडक्यांवर सुटे दगड ओळीने मांडले होते. वहिनी त्यातल्या एकापाशी थांबली. पानांची नक्षी, त्यातल्या एका पानाचा टवका उडालेला. पानं आता आभाळाकडे वळली होती.

"सरळ ठेवलंय," मी म्हणालो.

"उलटं ठेवलंय," वहिनी म्हणाली.

खळगा खाली गेला होता. ती हळूहळू गुडघ्यांवर बसली आणि मग चांगला कोट घातलेला असूनही गवतात आडवी झाली. ओंडक्यांमधल्या फटीतून तिने हात आत घातला.

"मावशी, दगडांना हात लावायचा नसतो," मेल्तेम म्हणाली. तिने वहिनीचा चेहरा पाहिला, तिची पिशवी उचलून घेतली आणि बसकडे तोंड करून उभी राहिली.

वहिनीचा हात कोपरापर्यंत आत होता. "आहे," ती म्हणाली. "गुळगुळीत आहे अजून." आत हात फिरवून म्हणाली, "कोरडं आहे, भावोजी. पावसाचं पाणी साचायचं ना यात? चिमण्या यायच्या."

"यायच्या," मी म्हणालो.

तिला उठवायला मी आणि मेल्तेम, दोघंही लागलो. बाहीला कोळिष्टकं लागली होती. मी झटकायला गेलो, तर तिने हात मागे घेतला.

बसमध्ये शाझियेने विचारलं, "सापडलं का गं?"

"सापडलं. पालथं घातलंय."

"अगं बाई. कुणी?"

वहिनी खिडकीकडे पाहत होती. "भांडं पालथं घालायचंच असतं," ती म्हणाली. "सगळ्यांची जेवणं झाली की."