टायरांखालची जागा

कळंबच्या नाक्यावरून गाडी आत वळली तशी दशरथने एसी बंद केला आणि काच खाली घेतली. पेंढ्याचा, शेणाचा, वालाच्या शेतांचा वास एकदम आत शिरला. मागच्या सीटवर साहेब आणि बाई पेंगत होते. जैसलमेर सोडून आज तिसरा दिवस. फार्महाऊसच्या फाटकात बॅगा उतरवल्या, किल्ली साहेबांच्या हातात दिली आणि दशरथ म्हणाला, "साहेब, पुढच्या लांबच्या फेरीला दुसरा माणूस बघा. मी नाय येणार."

साहेबांनी नुसती मान हलवली. कारण विचारायची गरज नव्हती. वाळूत अडकलेल्या गाडीत तेही बसले होते.

सत्तावीस वर्षं दशरथच्या हातात स्टिअरिंग होतं. आधी कशेळे-नेरळ शेअर जीप, मग मुंबईकरांच्या गाड्या. काशी पाहिली, कन्याकुमारी पाहिली. मुलगी माधवी जन्मली तेव्हा तो शिर्डीच्या वाटेवर होता, तिच्या दहावीच्या निकालाला हंपीत. घर म्हणजे त्याला आंघोळ करून, जेवून, कपडे बदलून पुन्हा निघायची जागा. बायको नंदा कधी भांडली नाही. "आलात? बसा," एवढंच म्हणायची आणि ताट वाढायची.

या खेपेला मात्र घोळ झाला. वाळूच्या टेकड्या बघायला सगळे जातात तिथे साहेबांना गर्दी नको होती. "जरा आत घे, दशरथ," म्हणाले. त्यानं दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. भर दुपारी पुढची दोन्ही चाकं वाळूत रुतली. एक्सिलेटर दाबावा तशी गाडी आणखी खाली. मोबाईलला रेंज नाही, पाण्याची अर्धी बाटली उरलेली. साहेबांना साखरेचा त्रास. तासाभरात त्यांना दरदरून घाम फुटला. बाईंनी पर्समधली साखरेची गोळी त्यांच्या तोंडात घातली आणि दशरथकडे बघितलं. तसं बघणं त्याला पुन्हा कधी नको होतं.

त्यानं हातांनी वाळू उपसली. चाकांतली निम्मी हवा सोडली. गाडीतली पायपुसणी काढून चाकांपुढे घातली, ती चाकांनी मागे फेकून दिली. मग दम खायला तो गाडीच्या सावलीत बसला आणि त्याच्या डोळ्यांपुढे देव नाही आला, घराची मागची बाजू आली. मोरीचं पाणी जातं तिथली कायम ओली जमीन. तिथे काहीतरी हिरवं असतं, मोठ्या पानांचं. पण काय? अळू की केळ? विहिरीकडच्या बाजूला शेवगा आहे की पपई? सत्तावीस वर्षं तिथलंच खाल्लं आणि त्याला आठवेना. तहानेपेक्षा त्याचीच जास्त लाज वाटली.

तीनच्या सुमारास बकऱ्या घेऊन एक बाई आली. तिची भाषा त्याला कळेना, त्याची तिला. तिनं आधी साहेबांना पाणी दिलं, मग काटेरी झुडपं तोडून चाकांखाली कशी आडवी घालायची ते दाखवलं. चौथ्या झटक्याला गाडी निघाली. दशरथ तिच्या पायाच पडला. ती हसत बकऱ्यांमागे निघून गेली.

फार्महाऊसपासून घर वीस मिनिटांवर. तो चालतच गेला. नंदा मागच्या दारी भांडी घासत होती.

"आलात? बसा," ती म्हणाली, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून हात थांबले तिचे. "काय झालं वं? त्या दिशी फोन लागत नव्हता. माधवीनं वीस येळा लावला असंल. तुमी म्हटलात रेंज नव्हती."

"रेंज नव्हतीच. पन आमी वाळूत अडकलो होतो, ते नाय सांगितलं."

तो पायरीवर बसला आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. नंदानं ओल्या हातांनी डोळे पुसले, मग चिडली. "साहेब म्हनला म्हनून गेलात? नको म्हनायला जीभ नाय?"

"आता म्हटलं. लांबची भाडी बंद. नेरळ स्टेशन, कर्जत, बास."

ती भांडी तशीच टाकून आत गेली आणि आलं किसून घातलेला चहा घेऊन आली. नेरळच्या दवाखान्यात नर्स असलेली माधवी घरी आली तेव्हा आईबाप पायरीवर शेजारी बसलेले. तिला आधी वाटलं, कुणी गेलं की काय.

जेवताना दशरथनं खिशातून टोलच्या पावत्या काढल्या. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यानं बागेचा नकाशा काढला होता: मधे लॉन, कडेनं गुलाब, फार्महाऊसला असतात तसे गोल दगड.

"लॉन?" नंदा म्हणाली. "मंग खायला बकऱ्या आना!"

माधवीला हसून ठसका लागला.

सकाळी नंदानं त्याला परसात फिरवलं. मोरीपाशी अळू. विहिरीकडे शेवगा; पपईही होती, पण ती दोन वर्षांपूर्वी वाऱ्यानं पडली. मांडवावर तोंडली, कुंपणाला घोसाळी, तुळशीमागे मिरच्या. गुलाबाला बोटभर जागा नव्हती.

"मंग मी काय करू गं?"

तिनं गोठ्यामागचा कोपरा दाखवला. तिथे त्याच्या जुन्या जीपचे अकरा टायर रचलेले होते, कधीतरी लागतील म्हणून ठेवलेले. "ते हलवा. ती जागा तुमची."

टायर हलवायला दोन दिवस गेले. एकात विंचू निघाला, दोन टायरांत मुंग्या. खालची माती दगडासारखी. आठवडाभर त्यानं कुदळ मारली, हाताला फोड आले, शेणखत मिसळलं आणि भेंडी, काकडी लावली. पाणी मात्र तो दिवसातून तीनदा घाली. "रोपं बुडवाल वं," नंदा ओरडायची. निम्मी काकडी कुजली. बाकीची धरली.

एप्रिलमध्ये नंदाची बहीण सोमी अलिबागहून फोनवर म्हणाली, ये चार दिवस. दरवर्षी म्हणायची, आणि दरवर्षी नंदाचं उत्तर ठरलेलं असायचं: पाणी कोन घालनार? या वेळी तिनं पिशवी भरली. लग्नानंतर पहिल्यांदा ती एकटी एसटीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन. "अळूला घातलंत?"

"घातलं."

"मिरचीला थोडंच घाला हां."

"थोडंच घातलं. तू समुद्र बघ."

"बघते," नंदा म्हणाली. "लई मोठा हाय वं." आणि फोन ठेवायचं विसरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. दशरथनंही कापला नाही. कानाशी धरून लाटांचा आवाज ऐकत तो भेंडी तोडत राहिला.