सहा इंच ठेंगणी

आमच्या आबांनी आयुष्यात भर रस्त्यावर डोक्याचा पटका दोनदाच उतरवला. एकदा त्यांचे वडील म्हणजे माझे आजोबा वारले तेव्हा, आणि एकदा मी गाडी दुरुस्त केली तेव्हा.

पहिल्या वेळी मी फार लहान होतो, त्यामुळे त्यात माझा काही दोष नाही. दुसऱ्या वेळचं सगळं श्रेय मात्र माझं एकट्याचं.

गाडी म्हणजे आबांची जुनी पांढरी अॅम्बेसिडर. आमचं गाव चुडाव्याजवळ. तिथं शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, लिंबाखाली, ती सहा वर्षं उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि बॉनेटवर शेळ्या उन्हाला बसायच्या. तरी आबांनी ती भंगारात दिली नाही. त्याला कारण होती आक्का, म्हणजे आबांची थोरली बहीण. ती बोरीला दिलेली. दर दिवाळीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून आबाच जायचे, आणि याच गाडीतून जायचे. पुढं गाडी बंद पडली. पाठोपाठ आबांचे गुडघे बंद पडले. एसटीची पायरी त्यांना चढवेना, आणि आक्काचं माहेरी येणं थांबलं.

यंदा पावसाळ्यात त्यांनी मला समोर बसवून घेतलं.

"माधवा, तू पोरांना गाड्या शिकवतूस न्हवं?"

"हो, आबा." (मी आयटीआयत मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. हे आबांना वीस वर्षांपासून माहीत आहे, पण मागणी करण्याआधी ते असं माणसाला आधी जागेवर बांधून घेतात.)

"मग आपली गाडी चालू कर. आक्का म्हनायली, आता आले तर भावाच्या गाडीतच येईन. भाऊबीजेला तिला घरी आणायचंय. दोघंबी पिकली पानं आमी."

एवढंच काम होतं. गाडी ट्रॅक्टरनं ओढून पूर्णेला सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. इंजिन आठ दिवसांत चालू झालं. तिथंच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण त्याच आठवड्यात मला मोबाईलवर तो व्हिडिओ दिसला. परदेशातली काही माणसं जुनी गाडी घेतात. तिचं बॉनेट आणि मडगार्ड काढून टाकतात, छत कापून खाली आणतात, गंज तसाच ठेवतात, आणि नव्या गाडीला लागणार नाही इतकी मेहनत करून तिला भंगारासारखी बनवतात. तिला रॅट रॉड म्हणतात. ती पाहायला माणसं लांबून येतात. मी एक व्हिडिओ पाहिला, मग चाळीस पाहिले. एवढी वर्षं पोरांना फळ्यावर इंजिन काढून दाखवणाऱ्या माणसाला वाटलं, एकदा तरी आपल्या हातून असं काही व्हावं की लोकांनी थांबून बघावं. (ती इच्छा पुरी झाली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.)

सलीमभाईंना मी मोबाईल दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तीन मिनिटं पाहिलं.

"सर, या माणसाचं घरी काही भांडण झालं का?"

"नाही हो सलीमभाई. ही कला आहे."

"बरं. गंज खरवडून काढू ना?"

"नाही. गंज ठेवायचा. त्यावर चकाकीचा हात मारायचा."

सलीमभाई खाली बसले. "पस्तीस साल झाले सर, मी गंज काढायलोय. सांभाळायला पहिल्यांदाच कुणी सांगायलंय."

पण माणूस हाडाचा कारागीर. एकदा हातात घेतल्यावर ते माझ्याहून पुढं गेले. मडगार्ड गेले, बॉनेट गेलं, इंजिन उघडं पडलं. सायलेन्सर काढून दोन आखूड नळ्या बाजूनं बाहेर काढल्या. छत सहा इंच कापून खाली बसवलं. त्यानंतर कळलं की पुढची काच काही तेवढी कापली जात नाही. दोन फुटल्या, मग काचेचा विषय सोडला. पुढचं सलग सीट काढून दोन सुटी सीटं बसवली, आणि मागचं सीट काढून तिथं पेट्रोलची टाकी उघडी बसवली, कारण व्हिडिओत तशीच होती.

घरी आबा रोज संध्याकाळी विचारायचे, "कुठवर आलं?"

"होत आलंय, आबा. लय भारी व्हायलंय."

"आक्काला सांगून ठिवलंय म्या," ते म्हणायचे. आणि मी मान हलवून पुढचा व्हिडिओ उघडायचो.

भाऊबीजेच्या सकाळी गाडी दारात उभी केली. आबा पांढरंधोप धोतर, नवा पटका, अशा थाटात बाहेर आले आणि उंबऱ्यातच थांबले. मग काठी टेकत गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. जिथं बॉनेट असायचं तिथं हवेत हात फिरवून पाहिला.

"हीच का ती?"

"हीच, आबा."

"छताला काय झालं?"

"सहा इंच खाली घेतलं."

"कशापाई?"

चार महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला नव्हता.

"दिसायला," मी म्हणालो.

"कुणाला?"

यावर मी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि आत जाऊन बसलो.

आबा शेजारी बसायला वाकले, आणि पटका छताला अडला. तिरके होऊन पाहिलं, अडला. मान छातीला लावून पाहिली. तशी मान घेऊन बोरीपर्यंत गेले असते तर वाटभर त्यांना स्वतःचे गुडघेच दिसले असते. मी म्हणालो, "दुसरी गाडी बोलावू का?"

"आक्काला सांगितलंय, आपल्या गाडीत येतो म्हनून."

"मग टोपी घालता का?"

आबांनी जन्मात टोपी घातली नव्हती. शिवाय समोर काच नव्हती, टोपी पूर्णेच्या अलीकडंच उडाली असती. राहता राहिला एकच उपाय, आणि तो मी तोंडानं सांगितला, ही गोष्ट मला आजही टोचते. "पटका काढून मांडीवर ठेवा, आबा."

त्यांनी एकदा गल्लीत इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच पटका उतरवला आणि दोन्ही हातांनी मांडीवर धरला. त्यांचं उघडं डोकं मी उन्हात कधी पाहिलं नव्हतं. फार लहान दिसलं.

आमच्याकडं म्हातारा माणूस भर रस्त्यानं बोडक्यानं चालला, याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. घरात कुणीतरी गेलंय. आणि इथं तर म्हातारा बोडका, मांडीवर पटका, आणि ज्या गाडीत बसलाय तिचीही अर्धी कातडी सोललेली.

गावाबाहेर पहिले भेटले किसनमामा, आबांचे जुने मित्र. मोटारसायकल बाजूला घेऊन ते उतरले आणि त्यांनी हात जोडले. आबांना वाटलं, सणाचा रामराम. त्यांनीही हात जोडले. त्या नळ्यांच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं, तिथं रस्त्यावरच्याचं काय येणार? पूर्णेपर्यंत सात-आठ जणांनी हात जोडले आणि आबांनी सगळ्यांना मनापासून उत्तर दिलं.

"लोकांना गाडी आवडायलीय," मी ओरडून म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं.

परभणीत शिरताना एका पोलिसानं हात केला. माझ्या खिशातले कागद एका गाडीचे होते आणि समोर दुसरीच उभी होती. तो जवळ आला, त्यानं आबांकडं पाहिलं, मांडीवरच्या पटक्याकडं पाहिलं. आबांनी सवयीनं हात जोडले. पोलिसानं आपली टोपी काढली, मागे सरला आणि आम्हाला वाट द्यायला समोरून येणारा ट्रक थांबवला.

झरीला चहाला थांबलो तेव्हा खिशातला मोबाईल पाहिला. सत्तावीस फोन येऊन गेले होते. शेवटचे नऊ आईचे.

"माधवा," आई म्हणाली, "तुझ्या बापाला इचार, मी कवा मेले?"

"काय?"

"सकाळधरनं फोन यायलेत. म्या उचलला की पलीकडचं माणूस गप. जिंतूरचा भाचा तर 'मामी, तुमी?' म्हनला अन् फोनच ठिवला. भावकीच्या ग्रुपवर माझा फोटू टाकलाय. त्यो पण डोळे मिटलेला. चांगले फोटू काय कमी होते का?"

मी आबांना सगळं सांगितलं: बोडकं डोकं बघून लोकांनी आईच गेली असं धरलं होतं. मला वाटलं, चिडतील. पण त्यांनी चहाचा पेला तसाच खाली ठेवला.

"बोरीला कळलं असंल," ते म्हणाले. "आक्का रडायली असंल. चल."

झरी ते बोरी त्यांनी पटका छातीशी धरून ठेवला. आक्काच्या घरचा फोन लागेना. मी गाडी पळवत होतो आणि प्रथमच मला त्या आवाजाची लाज वाटत होती. ज्या दिवशी बहिणीच्या घरी दिवा-ताट तयार असायचं, त्याच दिवशी आम्ही तिला रडवायला चाललो होतो. आबांनी गाडी मला आक्कासाठी दिली होती. मी ती मोबाईलमधल्या लोकांसाठी बनवली होती.

आक्काच्या अंगणात सतरंज्या अंथरल्या होत्या. पन्नासेक माणसं खाली मान घालून बसली होती. त्या शांततेत आमच्या दोन नळ्या गर्जत शिरल्या. आक्का आतून धावत आली. ऐंशीची बाई धावत आली, आणि खिडकीतून हात घालून तिनं आबांचं उघडं डोकं धरलं.

"कसं झालं रं माझ्या भावजयीचं?"

"आक्का, कुणी गेलं न्हाई," आबा आतूनच म्हणाले. उतरायला गुडघे साथ देत नव्हते. "गाडी ठेंगणी झालीय."

कुणाला काही कळेना. शेवटी मी आईला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "आक्का, मीच बोलायले," आई म्हणाली. "पुरण वाटून ठिवलंय. लवकर या."

आक्का एकदम खालीच बसली. आधी हसली, मग पुन्हा रडली, मग उठून खिडकीतून आबांच्या खांद्यावर एक धपाटा घातला, आणि मग माझ्या पाठीतही. मला दोन. आबांना चौघांनी मिळून बाहेर काढलं. त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर सावकाश पटका बांधला, आणि मग आक्कानं त्यांना ओवाळलं. मयतीला आलेल्या माणसांनी भाऊबीजेचा चहा घेतला. काही जण एकमेकांना दहा-दहा वर्षांनी भेटत होते, त्यामुळं लवकर उठेनात. (आईनं नंतर कोण कोण आलं होतं याची पूर्ण चौकशी केली. जे आले नव्हते त्यांच्याशी ती अजून बोलत नाही.)

दुपारी आक्का पिशवी घेऊन तयार झाली. गाडीभोवती फिरून तिनं आत डोकावलं.

"मागं बसायचे मी. मागचं कुठंय?"

मी खाली पाहिलं. चार महिने मी या गाडीचा एकेक बोल्ट मोजला होता, पण आक्का कुठं बसणार हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. दोन जागा होत्या आणि माणसं तीन.

"माधवा, किल्ली दे," आबा म्हणाले.

"आबा, तुमचे गुडघे."

"पायरी चढवत न्हाई. क्लच दाबवतो की."

लायसन्सचं मी विचारलं नाही. छत कापताना मी तरी त्यांना कुठं विचारलं होतं? चौघांनी त्यांना पुन्हा आत बसवलं. आक्का मुळात एवढीशी, पदर डोक्यावर घेऊनही छताला लागली नाही. सबंध घरात त्या गाडीच्या मापाची ती एकटीच निघाली. आबांनी पटका उतरवून तिच्या ओटीत दिला, आणि दोघं गेली.

मी जिंतूरहून आलेली एसटी पकडली. झरीच्या पुढं मागून तो ओळखीचा आवाज आला; दोघं झरीला चहाला थांबली असणार. सगळी बस खिडक्यांकडं सरकली. आबा बोडक्यानं गाडी हाणत होते, आक्का शेजारी पटका सांभाळत बसली होती, आणि दोघंही वारा खात मोठमोठ्यानं हसत होती. ती बसच्या पुढं निघून गेली. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी हात जोडले.

"लय जवळचं कुणी गेलेलं दिसायलंय," ते म्हणाले. "हसायलेत बिचारे. डोक्यावर परिणाम झालाय. अशा वेळी म्हाताऱ्याला गाडी चालवायला लावली. लेकरू न्हाई का त्याला?"

"हाय एक," मी म्हणालो.

"मग त्यो का न्हाई बसला संगं?"

"जागा न्हाई. मागचं सीट त्यानंच काढून टाकलंय."