डोळे धुवायचा नळ

धुळामामाला पाणी वाया गेलेलं बघवत नसे. कुणी रक्त बघून गरगरतं, मामा ठिबकता नळ बघून. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेला जीव. तिकडं पोर घागर घेऊन पडलं तर आई आधी घागर बघायची, मग पोराचा गुडघा. पुढं सोलापुरात एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. पण सोलापूरचं तरी पाणी कसलं! आलं तर आलं, नाहीतर बसा वाट बघत. म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मामानं एक निळं पिंप ठेवलं होतं, कायम काठोकाठ भरलेलं.

दाराशेजारी डोळे धुवायचा नळ होता. डोळ्यात काही उडालं की दांडा ढकलायचा, दोन्हीकडून पाण्याची कारंजी उडतात, त्यात डोळे धरायचे. कधीकाळी सुरक्षेसाठी बसवलेला, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती. त्याचा वायसर गेला आणि तो ठिबकायला लागला. मामानं कळवलं. प्लंबर येतो येतो म्हणाला आणि आला नाही. टप, टप, टप! माणसानं ऐकायचं तरी किती? शेवटी मामानं बेसिनमागं हात घालून नळाचं पाणी तोडणारा कॉकच करकचून आवळला. ठिबकणं थांबलं. त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली.

मग एप्रिलची ती दुपार आली. पंखे नुसती गरम हवा ढकलत होते. झीनत नावाची एम. एस्सी.ची मुलगी कॉस्टिक सोड्याचं द्रावण ओतत होती. घामानं गॉगल धुरकटला म्हणून पोरीनं तो कपाळावर चढवलेला. हातातनं बाटली निसटली, टेबलावर आपटली आणि शिंतोडे थेट उजव्या डोळ्यात.

"मामा!"

कॉस्टिक म्हणजे डोळ्याचा वैरी, थांबलं की आत उतरलंच. मामानं तिला धरून नळापाशी नेलं आणि दांडा ढकलला. थेंब नाही. ठणठणीत कोरडा!

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. नळ कोरडा का, हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. कॉक सोडवत बसायला वेळ नव्हता. त्यानं तिला तशीच पिंपाकडं ओढली. "पापणी मिटू नगं बाय, उघडी धर!" म्हणत तांब्यावर तांब्या ओतत राहिला. पिंपाचा तळ दिसला तेव्हा कुठं हात थांबला. मग विभागप्रमुख विजयमाला मॅडम तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डोळ्यावर पट्टी बांधली, आणि पट्टी सुटेपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर.

संध्याकाळी स्टोअर सांभाळणारा प्रभु मामाजवळ येऊन बसला. "धुळबा, उद्या मॅडम अपघाताचा अहवाल लिहिणार. नळ कोरडा का, म्हणून विचारतील. पाणीच आलं न्हवतं म्हण."

"पर आलं हुतं की."

"अरे, सोलापुरात ह्याला कोण न्हाय म्हणणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेही खरंच होतं म्हणा. इतकी आयती थाप दुसऱ्या गावात मिळायची नाही! पण खाई त्याला खवखवे. मामाला घास जाईना. पोरीचा डोळा गेला तर? सारखं तेच मनात. आणि नळाला पाणी नव्हतं असं लिहिलं, तर नळाकडं बघणार कोण?

सकाळी तो मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिला. "मॅडम, नळाला पाणी हुतं. कॉक म्या बंद केलता. ठिबकत हुता म्हणून. मला काढा कामावरनं, पर खरं त्ये लिवा."

मॅडमनी अहवालाचा कागद पुढं ओढला. मग म्हणाल्या, "राग आलाय मला मामा, खोटं कशाला सांगू? पण स्वतःचाही आलाय. मी रोज त्या नळासमोरून जाते. ठिबकायचा थांबला, वाटलं दुरुस्त झाला. एकदाही दांडा ढकलून पाहिला नाही." आणि त्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या. तिसरी प्लंबरची लिहिली. लगेच आला की गडी, पाना घेऊन! नवा वायसर बसला, कॉक उघडून त्याची मूठच काढून टाकली, आणि दर सोमवारी नळ सोडून बघायचं काम मामाकडं आलं. मामानं खाली बादली धरली. ते पाणी बाहेरच्या लिंबाला जायचं. मॅडम बघायच्या आणि हसू दाबायच्या.

पण मामाचा जीव टांगलेलाच होता. तो भांड्यात पडला झीनत दारात उभी राहिली तेव्हा. पट्टी सुटली होती, डोळा बरा होता.

"बाय, त्यो नळ म्याच..."

"मॅडमनी सांगितलं मामा. गॉगल मी कपाळावर चढवला होता, तेही लिहिलंय अहवालात. अम्मी अजून बोलतीय मला."

मामाचं समाधान होईना. डॉक्टर काय, काहीही सांगतील! "डावा डोळा झाक. आता त्या वरच्या फळीवरच्या बाटलीचं नाव वाच."

"पोटॅशियम परमँगनेट."

"आन् खालचं बारीक?"

"उष्णतेपासून दूर ठेवा." मग डावा डोळा तसाच झाकून तिनं मामाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि मामा, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत. सकाळपासून असेच हिंडताय की काय?"

मामानं खाली बघितलं. खरंच की! तो हसायला लागला. हसता हसता डोळे भरले, तसा तो पाठ फिरवून नळाकडं गेला आणि दांडा ढकलला. पाणी भरभरून उडालं. त्यानं त्यात तोंड घातलं. खाली बादली नव्हती, आणि मामानं ते पाणी कितीतरी वेळ तसंच वाहू दिलं.